घराचा गारवा आणि त्याचा स्थपती

गेल्या चतुर्थीस आमच्या अंत्रुज महालातील मूळघरी माणसे जमली, तेव्हा पूजा, आरत्या व जेवणे आटोपल्यावर वसरीत एक वाद उपस्थित झाला. वादाचा विषय परक्यास क्षुल्लक वाटला असता. मातोश्रींच्या खोलीच्या कोपऱ्यात, जुन्या लुगड्याने झाकलेले, एक वातानुकूलन यंत्र सव्वा वर्ष निकामी पडून होते. वडील बंधूंचे मत असे की, ते विकून टाकावे आणि हा नाद सोडावा. मुंबईस असणारे चुलत बंधू म्हणाले, राजांगणावर पत्रे घालून सगळे घरच बंदिस्त करावे व मोठे यंत्र आणावे. तिसरा पक्ष पुतण्यांचा. त्यांचे म्हणणे, यंत्र निर्दोष आहे, ते पुन्हा बसवावे.

विषय चैनीचा असता तर आम्ही तो हसण्यावारी नेला असता. परंतु मातोश्रींचे वय अठ्ठ्याहत्तर. यंत्र आणले त्याच वर्षी वैशाखातल्या एका दुपारी त्यांना देवघराच्या उंबरठ्यावर भोवळ आली होती. उतारवयात शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती मंदावते, त्यांची खोली उन्हाळ्यात थंड ठेवलीच पाहिजे, असे डॉक्टरांनी बजाविले होते. आम्ही वकील, म्हणून निवाडा आमच्यावर सोपविण्यात आला. आम्ही तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत मागून घेतली आणि वकिलाच्या सवयीप्रमाणे आधी पूर्वीचे दाखले पाहू लागलो. ते पाहता पाहता जे आमच्या ध्यानी आले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

घर गार राखण्याची इच्छा आधुनिक नव्हे. कालिदासाच्या ऋतुसंहारात ग्रीष्माच्या सुखसाधनांमध्ये चांदणे व चंदन यांच्या जोडीला जलयंत्रमंदिराचा उल्लेख आहे, आणि मेघदूतात यंत्रधारागृह येते. ही केवळ कवीची कल्पना नव्हती. इंदूरहून फार दूर नसलेल्या धार येथे अकराव्या शतकात राज्य करणाऱ्या परमार भोजाच्या नावावरील 'समरांगणसूत्रधार' या वास्तुग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रांना वाहिलेला असून त्यात धारागृहांचे प्रकार वर्णिले आहेत. मात्र आम्हांस त्या यंत्रांहून अधिक मोलाचा वाटला तो त्याच ग्रंथातील स्थपतीच्या लक्षणांचा अध्याय. घर बांधणारा व यंत्र बसविणारा मुख्य कारागीर कसा असावा, तर शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील या चार गोष्टींनी युक्त. नुसते शास्त्र जाणणारा प्रत्यक्ष कामाच्या वेळी गोंधळतो, आणि नुसता हात चालविणाऱ्याला दुसऱ्याच्या मागे आंधळ्यासारखे जावे लागते, असा त्याचा आशय आहे. हे चार शब्द वाचकांनी स्मरणात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

पुढे मोगलकाळात वाळ्याचे प्रस्थ वाढले. अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरीत वाळ्याच्या मुळ्यांची घरे करून त्यांवर पाणी मारल्यास भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, अशा अर्थाचे वर्णन आहे. पाणी गार करण्यासाठी सोऱ्याचा उपयोग होत असे, हेही तेथेच नोंदलेले आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील आमच्या वाचकांच्या वाडवडिलांना दारा-खिडक्यांवरील वाळ्याचे ताटे व त्यांवर पाणी शिंपणारा गडी हे चित्र अपरिचित नसेल. इंग्रजांनी त्याला चक्राकार पंख्याची जोड देऊन 'थर्मॅन्टिडोट' नावाचे अवजड यंत्र केले. आजचा कूलर हा त्याच वंशातला.

या सर्व साधनांचे मर्म एकच. पाणी वाफ होऊन उडताना भोवतालची उष्णता आपल्याबरोबर नेते. पण पाणी उडून जाण्यास हवेत जागा हवी, म्हणजे हवा कोरडी हवी. ग्वाल्हेरच्या ज्येष्ठातील झळा कोरड्या असतात, म्हणून तेथे वाळ्याचा ताटा हे अमृत. आमच्या गोव्यात वैशाखात पारा पस्तिशीच्या आसपास रेंगाळतो, परंतु हवा आधीच पाण्याने जड झालेली असते. तेथे तोच ताटा किंवा कूलर खोलीत दमटपणाची भर घालतो आणि माणूस अधिकच गुदमरतो. एकाचे औषध दुसऱ्याचा अपाय होतो, तो असा. इंदुरी आप्ताचे ऐकून गोव्यात कूलर घेणाऱ्याने आणि गोव्यातील आप्ताचे ऐकून इंदुरात कूलर टाकून देणाऱ्याने सारखीच चूक केलेली असते.

मग आमच्या कोकणपट्टीने काय केले? तिने घरालाच यंत्र केले. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती दिवसाची उष्णता आत येण्यास विलंब लावतात. उतरत्या छपराच्या कौलांमधील फटींतून वर चढलेली गरम हवा निसटते. मधले राजांगण आकाशाला मोकळे असते. रात्री तेथून घराची उष्णता वर निघून जाते, आणि दिवसा चहूकडच्या सोप्यांतून वारा खेळता राहतो. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवीत. ते उजेड आत घेत, पण त्याची धग आणि डोळ्यांवर येणारी तिरीप अडवीत. राजांगणाच्या मध्यभागी तुळशीवृंदावन. ज्या ठिकाणी घराचा श्वास, त्याच ठिकाणी घराची श्रद्धा. या योजनेत काही अर्थ आहे असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

परंतु या घराची एक अट होती. त्याला दरवर्षी हात लागावा लागे. पावसाळ्यापूर्वी कौले चाळणारा, भिंतींना चुना काढणारा, खिडकीचा निखळलेला शिंपला पुन्हा बसविणारा सुतार, अशी माणसे ठरलेली असत. आमच्या लहानपणी कौले चाळणारे वृद्ध गृहस्थ वर्षाची तारीख ठरविण्यास आपणहून येत. छपरातले प्रत्येक वासे-रीप त्यांना ठाऊक. एखाद्या वर्षी गळती लागली तर आजोबा त्यांना बोलावणे धाडीत नसत. पहिल्या पावसानंतर ते स्वतःच येऊन 'खंय गळटा?' म्हणून विचारीत. त्या व्यवहारास करारपत्र नव्हते. पण त्याच वाटेने त्यांना रोज देवळात जायचे असे, आणि गळक्या छपराच्या घरावरून मान वर करून जाणे त्यांना शक्य नव्हते. हीच त्या काळची हमी.

इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही गतकाळाची केवळ आरती ओवाळली असे होईल. गारव्यामागचे हात सर्वकाळ सन्मानाने वागविले गेले नाहीत. इंग्रजी अमलात छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढणारा पंखेवाला खोलीबाहेर, व्हरांड्यात, रात्र रात्र बसे. त्याचा डोळा लागला की आत झोपलेला साहेब घामाने जागा होई, आणि लाथाबुक्क्यांच्या मारात पंखेवाल्याने प्राण गमावल्याची प्रकरणे न्यायालयांपुढे आलेली आहेत. हिवतापाने त्याची पांथरी आधीच वाढलेली होती, ती किरकोळ आघाताने फुटली, असा बचाव होई आणि आरोपी अल्प शिक्षेवर सुटे. आम्ही ज्या व्यवसायात आहो त्याच्या इतिहासातील हे लाजिरवाणे पान आहे. ई. एम. फॉर्स्टर यांच्या 1924 सालच्या 'अ पॅसेज टु इंडिया' या कादंबरीत खटल्याच्या प्रसंगी न्यायालयातील पंखेवाला लेखकाच्या नजरेतून सुटलेला नाही. आत खटला चालला आहे, आणि ज्याच्या श्रमाने न्यायासन गार राहते त्याला त्या खटल्याचा गंधही नाही. विजेचा पंखा आला, तेव्हा गारव्यामागचा माणूस दिसेनासा झाला. तो नाहीसा झाला, असा समज मात्र पुढे आपल्याला महागात पडला.

विजेच्या आधी बर्फ आला. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून, लाकडाच्या भुशात राखून, उष्ण देशांना विकीत असे. 1833 साली त्याचे 'टस्कनी' नावाचे जहाज सुमारे 180 टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातील सुमारे 100 टन शिल्लक होता. पुढे मुंबई व मद्रास येथेही बर्फखाने झाले. मद्रासचा बर्फखाना आजही उभा आहे. स्वामी विवेकानंद 1897 साली पश्चिमेकडून परतल्यावर त्याच वास्तूत उतरले होते आणि आता ती विवेकानंदांच्या नावानेच ओळखली जाते. परदेशी बर्फ साठविण्यासाठी बांधलेल्या घराच्या भाग्यात असा योग असावा, ही इतिहासाची गंमत होय.

या बर्फाची एक खूण प्रत्येक दुकानात आजही ऐकू येते. 'एक टनाचे' किंवा 'दीड टनाचे' यंत्र असे आपण म्हणतो, तेव्हा ते यंत्राचे वजन नसते. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी उष्णता खोलीतून उचलण्याची शक्ती म्हणजे एक टन. विजेच्या परिभाषेत ती सुमारे साडेतीन किलोवॅट भरते. दुकानदाराच्या तोंडचा 'टन' हा त्या बर्फाच्या व्यापाराचा वारसा आहे.

आधुनिक वातानुकूलनाचा जन्म गारव्यासाठी झाला नाही, हे आमच्या कोकणी वाचकांना विशेष उद्बोधक वाटेल. 1902 साली न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे व आकसे, त्यामुळे एकावर एक छापावयाचे रंग जुळत नसत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतील ओल आवरण्यासाठी यंत्रणा आखली. थंड नळ्यांवरून हवा नेली की तिच्यातील पाणी गळून पडते. छापखान्याची अडचण ती आमच्या वैशाखाची अडचण. आम्हांला जितका ताप उष्म्याचा, तितकाच ओलीचा.

या यंत्रात फिरणाऱ्या वायूंचा इतिहास मात्र कटू आहे. आरंभीचे काही वायू विषारी होते. 1928 च्या सुमारास टॉमस मिज्ली व त्याच्या सहकाऱ्यांनी निर्विष व न पेटणारे वायू शोधले, तेव्हा जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. 1974 साली मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, तेच वायू आकाशातील ओझोनचे कवच झिजवितात. 1987 च्या मॉन्ट्रियल करारान्वये त्यांना निरोप देण्याचे ठरले. त्यांच्या जागी आलेल्या वायूंपैकी आर-22 ओझोनला कमी बाधक, पण पृथ्वीचा ताप वाढविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1800 पट. पुढे 2016 साली किगाली येथे नवी दुरुस्ती झाली. आज घरगुती यंत्रांत बहुधा आढळणारा आर-32 सुमारे 675 पट, तर आर-290 म्हणजे प्रोपेन जेमतेम तीन पट. यातील पहिला सौम्य ज्वालाग्राही, दुसरा अधिक. म्हणजे वायू जितका पृथ्वीला सोसणारा, तितका तो हाताळणारा माणूस शिकलेला हवा. शतकभराच्या शोधानंतर प्रश्न पुन्हा कारागिराच्या हातापाशीच येऊन थांबला.

आता आमच्या लुगड्याखालच्या यंत्राची कथा. मातोश्रींना भोवळ आली त्याच आठवड्यात आम्ही घाईने एक उत्तम यंत्र घेतले. त्यावरच्या तारका मोजल्या, किमतीत घासाघीस केली, हमीपत्र जपून ठेवले. बसविणाऱ्याची चौकशी मात्र केली नाही. दुकानाने धाडलेली दोन मुले आली आणि तासाभरात काम उरकून गेली. खोलीची बाहेरची बाजू उंच, शिडी लहान. म्हणून त्यांनी यंत्राचा बाहेरचा भाग, ज्यास कारागीर 'आउटडोअर' म्हणतात, तो राजांगणातल्या भिंतीवर बसविला. गळणाऱ्या पाण्याची नळी देवघराच्या भिंतीतून नेली, तीही उलट्या उतारावर.

पहिल्याच दुपारी मातोश्रींची खोली गार झाली आणि उरलेले घर तापले. उष्णता नष्ट होत नसते. यंत्र ती एका ठिकाणाहून उचलते आणि दुसऱ्या ठिकाणी टाकते, वर स्वतःच्या श्रमाची उष्णता तीत मिळविते. आमच्या यंत्राने ती घराच्या श्वासनलिकेतच ओतली. आठ दिवसांत वृंदावनातील तुळशीची पाने करपली. पंधरवड्यात देवघराच्या भिंतीला लोणा लागून चुना फुगून पडू लागला. महिनाभरात खोलीचा गारवाही मंदावला, कारण नळीच्या कच्च्या सांध्यातून गॅस निसटत होता. पण तोवर निर्णय झालेला होता. तुळशीला पाणी घालून आत आलेल्या मातोश्री एवढेच म्हणाल्या, "म्हाका थंडाय आनी तुळशीक गरमी? बंद कर तें." त्यानंतर त्यांनी ते यंत्र लावू दिले नाही. तो संपूर्ण ज्येष्ठ त्यांनी विंझणवाऱ्यावर काढला, आणि त्यांना पाहून आमचा जीव टांगणीला लागला.

आम्ही दुकानाकडे गेलो. दुकान म्हणाले, बसवणूक आमची नव्हे, आम्ही केवळ माणूस सुचविला. यंत्र करणारी कंपनी म्हणाली, हमी यंत्राची आहे, बसवणुकीची नव्हे. त्या मुलांचा पत्ता लागला नाही. पैसे रोख दिलेले, पावती नाही, काय काम ठरले त्याचा एक ओळीचा कागद नाही. 'लिहून घ्या, सही घ्या' असे पक्षकारांस रोज सांगणाऱ्या वकिलाच्या घरी हा प्रकार घडला, याची लाज आम्ही येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. कायदा दुर्बळ नव्हता. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेच सेवेतील उणिवेची दाद मागता येत होती. 2020 पासून लागू असलेल्या 2019 च्या कायद्यात वस्तू करणारा व विकणारा यांच्याबरोबर तिची सेवा देणाराही सदोष कामाबद्दल जबाबदार धरला आहे. तक्रार ग्राहक राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे करता येते, ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावयाची असते. पण कायदा पुराव्याच्या पायांनी चालतो, आणि ते पाय आम्ही स्वतःच्या हाताने तोडून ठेवले होते.

हा सर्व इतिहास चाळून झाल्यावर आमचा निवाडा असा झाला की, आपण यंत्राची पारख करतो आणि स्थपतीची करीत नाही, हीच मूळ चूक. प्रत्येक काळी गारवा हा कोणातरी जिवंत माणसाच्या हाताने टिकलेला आहे. कौले चाळणारा, ताट्यावर पाणी मारणारा, पंखा ओढणारा, आणि आता नळ्या जोडणारा. पूर्वी तो हात डोळ्यांसमोर होता. आता तो हमीपत्राच्या आड दडला आहे, इतकाच फरक. म्हणून भोजाच्या ग्रंथातील त्या चार कसोट्या आम्ही आजच्या कारागिरास लावून पाहिल्या.

पहिली शास्त्राची. खोलीचे क्षेत्रफळ ऐकताच 'दीड टन' असे उत्तर देणारा माणूस शास्त्र जाणत नाही. छप्पर कौलाचे की स्लॅबचे, वर माळा आहे काय, पश्चिमेची भिंत उन्हात आहे काय, खिडक्या किती, माणसे किती, हे त्याने विचारले पाहिजे. कोकणात यंत्र गरजेपेक्षा मोठे घेणे हा शहाणपणा नव्हे. ते खोली झटकन गार करून थांबते, ओल पुरती शोषत नाही, आणि अंथरूण थंड व दमट राहते. तारकांचे पत्रही वाचता आले पाहिजे. 2006 साली आपल्याकडे ही तारकांची पद्धत सुरू झाली, 2010 पासून खोलीच्या यंत्रांना ती सक्तीची आहे. तारकांचे निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून जुन्या वर्षाच्या पाच तारका आजच्या पाच असतीलच असे नाही. पत्रावरील मुदत पाहावी. 2020 पासून नवी यंत्रे मुळात 24 अंशांवर लावलेली येतात. वृद्धांच्या खोलीस त्याहून खाली जाण्याची सहसा गरज पडत नाही.

उत्तरेकडील वाचकांसाठी येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. ग्वाल्हेरच्या पौषात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणे प्राणघातक ठरू शकते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ज्या यंत्राचा प्रवाह उलटा फिरविता येतो, ते हिवाळ्यात बाहेरची उष्णता उचलून आत आणते, आणि साध्या विजेच्या हीटरपेक्षा तेवढ्याच ऊबेला बरीच कमी वीज घेते. तेथे उन्हाळा व हिवाळा दोन्ही तीव्र. त्यामुळे असे एकच यंत्र घेण्याचा विचार अवश्य करावा. गोव्यात तो खर्च व्यर्थ होय.

दुसरी कर्माची. नळ्या जोडल्यावर आतील हवा व ओल व्हॅक्यूम पंपाने काढून टाकल्याखेरीज गॅस सोडू नये. 'थोडा गॅस सोडून हवा ढकलतो' म्हणणाऱ्यास दारातूनच निरोप द्यावा. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. पाण्याच्या नळीचा उतार बाहेर असावा व तो पाणी ओतून आपल्यादेखत दाखवावा. वैशाखाच्या दिवसभरात असे यंत्र बादलीभर पाणी सहज गाळते. ते कोठे जाणार याचा विचार आधी व्हावा. विजेची वाट स्वतंत्र, अर्थिंग पक्के.

तिसरी प्रज्ञेची. शास्त्र व हात दोन्ही असूनही घर पाहण्याची नजर नसली तर आमच्यासारखी गत होते. उचललेली उष्णता कोणाच्या वाट्याला जाणार, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला पाहिजे. ती राजांगणात जाऊ नये, शेजाऱ्याच्या खिडकीतही जाऊ नये. गार वाऱ्याचा झोत अंथरुणावर थेट येऊ नये, आणि देवघराला लागून खोली असेल तर नंदादीपावरही येऊ नये.

चौथी, आणि आमच्या मते सर्वांत मोठी, शीलाची. तिची परीक्षा सोपी आहे. कारागिरास विचारावे, "दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागेल ना?" जो 'होय' म्हणेल तो अज्ञानी तरी असतो किंवा लोभी तरी. गॅस बंद नळ्यांतच फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला तर कोठेतरी गळती आहे, ती आधी शोधावी लागते. शीलाचा दुसरा पुरावा म्हणजे कागद. काय काम, कोठे, कोणत्या नळ्या, किती मजुरी, बसवणुकीची हमी किती महिन्यांची, बिघाड झाल्यास किती दिवसांत येणार, हे लिहून सही करण्यास जो कचरतो, त्याचे काम स्वस्त असले तरी महाग. पैसे पावती घेऊनच द्यावेत. घर सामाईक असेल तर भिंतीला भोक पाडण्यापूर्वी सहभागीदारांची संमतीही लिहून घ्यावी. भाऊबंदकीच्या कित्येक दाव्यांचा उगम याहून लहान भोकांत आहे.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही निवाडा सांगितला. राजांगण झाकावयाचे नाही. ते झाकले तर एका खोलीच्या गारव्यासाठी सगळे घर यंत्राचे कायमचे ऋणको होईल, आणि वीज गेली की तेच घर भट्टी बनेल. यंत्र विकावयाचे नाही, कारण मातोश्रींची गरज खरी आहे. ते पुन्हा बसवावयाचे, परंतु माणूस पाहून. वडील बंधू थोडे कुरकुरले. चुलत बंधूंनी संमतिपत्रावर सही केली, पण 'वकिलाच्या घरी तुळशीलाही वकीलपत्र मिळते' हा टोमणा मारूनच.

माणूस सापडला तो फोंड्याचाच. त्याने आल्या आल्या यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. प्रथम माळ्यावर चढून कौले पाहिली, दोन फुटकी निघाली ती बदलण्यास सांगितले. मग राजांगणात उभा राहून वाऱ्याची दिशा पाहिली आणि म्हणाला, बाहेरचा भाग परसाकडे, माडांच्या बाजूस घेऊ. नळी थोडी लांब होईल, खर्च वाढेल, पण उष्णता घरात फिरणार नाही. देवघराची भिंत आधी वाळू दे, मग चुना काढा, असेही त्यानेच सांगितले. काम दोन दिवस चालले. कागदावर त्याने सही केली आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढविली: चैत्रात येऊन जाळ्या धुवून देईन.

तो कागद आम्ही मूळघराच्या फडताळात, जेथे आजोबांच्या काळापासून देवस्थानच्या पावत्या व कौले चाळणाऱ्यांचे हिशेब ठेवलेले आहेत, तेथेच ठेवला आहे. वृंदावनातील तुळस पुन्हा फुटली आहे. मातोश्री दुपारी दोन तास यंत्र लावू देतात, त्यानंतर स्वतः बंद करतात आणि राजांगणात येऊन बसतात.